गढूळ पाण्याचे जलरंग

तीन वर्षांपूर्वी बँकेने माझी बदली पैठणला केली आणि त्याच पावसाळ्यात, जवळजवळ पंचवीस वर्षांनंतर, मी पुन्हा जलरंगांची पेटी उघडली. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या, आणि स्मरणचित्राच्या पेपरात नदी आली की आमचा साचा ठरलेला असे: दोन हिरवे काठ, मध्ये निळा पट्टा आणि त्यावर पांढऱ्या पोस्टर रंगाच्या चार-पाच आडव्या रेघा. पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर बसून मी जे पहिले चित्र काढले, तेही नेमके याच साच्यातले होते. जुलै महिना होता, आभाळ राखाडी होते, समोरचे पाणी चहाच्या रंगाचे होते आणि माझ्या कागदावर मात्र अल्ट्रामरिनचा निळाशार तलाव तयार होत होता. जाळे आवरून काठावर आलेले एक वयस्कर मच्छीमार काका बराच वेळ मागे उभे राहून पाहत होते.

“काय काढू राहिल्या, ताई?”

“पाणी काढतेय, काका. हेच, समोरचं.”

त्यांनी एकदा चित्राकडे पाहिले, एकदा धरणाकडे पाहिले आणि म्हणाले, “या दिवसांत आपलं पाणी निळं कुठं असतंय, ताई? नाशिकचं पाणी आलंय ना.”

वर नाशिककडे पाऊस झाला की गोदावरीतून गढूळ पाणी इकडे येते, त्याविषयी ते बोलत होते. त्यांच्या बोलण्यात टीका नव्हती. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. ज्या पाण्यावर त्यांचे पोट होते ते पाणी माझ्या चित्रात नव्हते आणि ते त्यांनी जसे दिसले तसे सांगितले होते. त्या संध्याकाळी मी ठरवले की वर्षभर याच पाण्याची चित्रे काढायची, समोर जो रंग दिसेल तोच लावायचा आणि सवयीने हाताला येणाऱ्या निळ्याला आवर घालायचा. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ या एकाच तळ्याची अनेक चित्रे काढली, हे मी वाचले होते. तेवढी पात्रता अंगी नसली तरी एकच पाणी पुन्हा पुन्हा पाहण्याची शिस्त आपल्यालाही पाळता येईल, असे वाटले.

नाथसागराविषयी मराठवाड्यातल्या वाचकाला फार सांगायला नको. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये धरण पूर्ण झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे आणि सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) एकूण साठवण क्षमता. धरण भरले म्हणजे पाणी १५२२ फुटांवर पोहोचले, हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. चित्रकाराच्या दृष्टीने मात्र या जलाशयाचे एक वैशिष्ट्य आकड्यांपेक्षा महत्त्वाचे आहे: तो विस्तीर्ण आहे आणि उथळ आहे. काठाला उंच डोंगर नाहीत, दाट झाडी नाही. त्यामुळे डोंगराचे गर्द प्रतिबिंब पाण्यात उतरवून चित्र उठावदार करण्याची सोय इथे नसते. पाण्यात दिसते ते मुख्यतः आभाळ. शिवाय पातळी थोडी खाली गेली तरी पाण्याची कड काठापासून कितीतरी दूर सरकते, म्हणजे आज जिथे पाणी रंगवले तिथे दोन महिन्यांनी माती रंगवावी लागते. डाव्या काठावर मी बसायला जो काळा खडक निवडला होता, तो ऑगस्टच्या अखेरीस पाण्याखाली गेला आणि पुढे फेब्रुवारीतच पुन्हा दिसला.

पहिले दोन महिने मला पाण्यापेक्षा कागदानेच जास्त शिकवले. शाळेत वापरतो तसा साधा ड्रॉईंग पेपर मी आणला होता. मोठ्या पाण्यासाठी सबंध कागदावर ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एकसलग हात, द्यावा लागतो आणि तो देताच हा कागद पापडासारखा फुगे, खळग्यांमध्ये रंग साचे, आणि शांत जलाशयाच्या जागी ढगाळ डाग वाळून राहत. मग मला कागजीपुऱ्याची आठवण झाली. दौलताबादजवळचे हे गाव हातकागदासाठी जुन्या काळापासून ओळखले जाते. मुहंमद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली तेव्हा आलेल्या कारागिरांनी इथे कागद करायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. मी तिथून दहा ताव आणले. हाताला तो कागद फार सुंदर लागत होता, उजेडात धरला की आतले तंतू दिसत होते, आणि मी मोठ्या आशेने त्यावर पहिला वॉश दिला. रंग जिथे टेकवला तिथेच आत शोषला गेला. ब्रश पुढे ओढावा तर मागे एक ओला डाग राही आणि त्याची कड केसाळ होऊन चहूकडे पसरे.

यात कागदाचा काही दोष नव्हता. लिहिण्यासाठी कागद करत तेव्हा त्याला खळ देऊन घोटून गुळगुळीत करत असत, म्हणजे शाई वर टिकून राहते. मी आणलेले ताव खळ न दिलेले होते आणि ते वेगळ्याच कामासाठी होते. जलरंगाच्या कागदाला खळ लागतेच, कारण पाणी आणि रंग काही क्षण पृष्ठभागावर थांबले पाहिजेत. ते थांबले तरच त्यांना हलवता येते, पसरवता येते, उचलता येते. मी लिटरभर कोमट पाण्यात सुमारे २० ग्रॅम जिलेटिन विरघळवले, एकेक ताव त्यातून काढला आणि माळ्यावरच्या दोरीला चिमट्यांनी लटकवून वाळवला. खळीत तुरटी घालण्याची जुनी रीत आहे, पण तुरटीने कागद आम्लधर्मी होतो आणि कालांतराने पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून ती मी टाळली. असे खळ दिलेले ताव पुढे लहान अभ्यासचित्रांसाठी मला फार उपयोगी पडले. मोठ्या चित्रांसाठी मात्र शेवटी १०० टक्के कापसाचा ३०० जीएसएमचा खरबरीत कागद घ्यावा लागला. तोही मी दहा मिनिटे पाण्यात भिजवून, प्लायवूडच्या फळीवर अंथरून, चारही बाजूंनी डिंक लावलेल्या तपकिरी कागदी पट्टीने चिकटवते. वाळताना तो ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो आणि नंतर कितीही पाणी घातले तरी फुगत नाही.

पाण्याचे चित्र काढताना पाणी कोणते वापरायचे, याचाही विचार करावा लागेल हे मला आधी सुचले नव्हते. घरचे बोअरचे पाणी जड होते. त्यात कालवलेला पातळ वॉश वाळला की थाळीत पांढुरकी साय धरे आणि चित्रातल्या गडद भागांवरही तशीच झाक उतरे. पुष्कळ दिवस मला वाटत होते की रंगच हलके आहेत. एकदा पिण्याच्या जारचे पाणी वापरून पाहिले आणि तेच रंग स्वच्छ दिसू लागले.

ऑगस्टमध्ये गंगेला पाणी आले. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी एका रविवारी कायगावला गेले, जिथे संभाजीनगर–अहिल्यानगर रस्ता पुलावरून नदी ओलांडतो, आणि जुन्या कायगावच्या काठावर उंच जागा पाहून बसले. समोरून नदी भरून चालली होती. तिचा रंग तपकिरी म्हणावा तर तेवढाच नव्हता. पायाशी तो ओल्या विटेसारखा होता, मध्यावर दुधाळ मातकट होता आणि पलीकडच्या काठाकडे तेच पाणी जवळजवळ चंदेरी राखाडी दिसत होते. हे असे का दिसते, ते कळल्यावर माझे चित्र बदलले. पाण्याकडे आपण सरळ खाली पाहतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरून सुमारे २ टक्केच प्रकाश परत येतो, म्हणून आपली नजर आत शिरते आणि पाण्याचा स्वतःचा रंग, त्यातला गाळ किंवा तळ दिसतो. नजर जसजशी दूर जाऊन पाण्याला समांतर होत जाते, तसतसे परावर्तन वाढत जाते आणि पाणी आभाळाचा रंग घेते. म्हणजे गढूळ नदीतसुद्धा दूरचा भाग आभाळाचाच असतो. मी आजवर सगळा पट्टा एकाच रंगाने भरत आले होते आणि म्हणून माझी नदी भिंतीसारखी उभी दिसत होती, आडवी पसरत नव्हती.

गढूळ पाण्यासाठी मी आधी थाळीत पाच रंग कालवले: यलो ऑकर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरिन, थोडा काळा, थोडा पांढरा. समोरच्या पाण्याशी तो रंग ताडून पाहिला तर अगदी जुळत होता, पण कागदावर लावल्यावर तो मेला. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर “चित्र मळलं” असे म्हणत, तो शब्द मला तेव्हा आठवला. मी ते दुरुस्त करायला गेले, पुन्हा ओले केले, पुन्हा घासले, आणि तासाभरात कागदाचा पृष्ठभाग सोलवटून तिथे खरोखरच चिखल झाला. तो कागद मी अजून ठेवला आहे. पुढच्या रविवारी मी थाळीत काहीही न कालवता पुन्हा सुरुवात केली. रॉ सिएना हा पिवळसर तपकिरी रंग यलो ऑकरपेक्षा पारदर्शक असतो. त्याचा पातळ वॉश मी पायथ्याकडून वर नेला आणि वर जाता जाता तो पाण्याने विरळ केला. वॉश चकाकत होता तोवर खालच्या भागात लालसर तपकिरी बर्न्ट सिएना सोडला आणि वरच्या कडेने अल्ट्रामरिनचा अगदी फिका हात आत उतरू दिला. अल्ट्रामरिनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर रंगात बारीक कण दिसतात. पाण्यात तरंगणाऱ्या गाळासारखेच ते दिसले. गढूळ पाणी रंगवायला रंग मात्र निवळ लागतात आणि ते थाळीत न मिसळता कागदावर एकमेकांत जाऊ द्यावे लागतात, हे मी त्या दिवशी कायगावला शिकले.

त्याच काठावर मी आणखी एक गोष्ट पाहिली, जी माझ्या आधी लक्षात आली नव्हती. सकाळी नऊच्या सुमारास ढग फाटून ऊन पडले आणि पुलाच्या खांबांची सावली पाण्यावर स्पष्ट उमटली. प्रतिबिंब वेगळे होते आणि सावली वेगळी होती. प्रतिबिंब खांबाच्या बरोबर खाली, सरळ माझ्याकडे येत होते, मोडत आणि जुळत होते. सावली मात्र सूर्याच्या विरुद्ध बाजूला तिरकी पडली होती आणि तिचा रंग गार, जांभळट तपकिरी होता. पुढे ऑक्टोबरच्या शेवटी, पाणी निवळल्यावर, मी मुद्दाम त्याच वेळी तिथे गेले तर सावली जवळजवळ नाहीशी झाली होती आणि प्रतिबिंब तेवढे उरले होते. गढूळ पाण्यातला गाळ ऊन अडवतो आणि परत फेकतो, म्हणून तिथे सावलीला पडायला जागा मिळते. निवळ पाण्यात ऊन आत निघून जाते आणि सावली टेकायला काही नसते. पाण्यावर सावली दाखवली की पाणी गढूळ आहे हे बघणाऱ्याला न सांगता कळते. उलट, निवळ पाण्यावर गडद सावली काढली तर चित्र खोटे वाटते, आणि का खोटे वाटते ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

दिवाळीनंतर मी प्रतिबिंबांच्या मागे लागले आणि त्यासाठी पैठणचा नागघाट निवडला. दगडी पायऱ्या, वरच्या बाजूला जुनी घरे आणि खाली संथ पाणी. माझी पद्धत अशी होती की वर जे काढले ते खाली उलटे करायचे. चित्र पूर्ण झाले आणि काहीतरी चुकले आहे हे दिसत होते, पण काय चुकले ते कळेना. तिसऱ्या दिवशी मी हातात सरळ पेन्सिल धरून मापे घेतली तेव्हा उलगडा झाला. पाण्याच्या कडेला असलेली पायरी पाण्यात जशीच्या तशी उलटी दिसत होती. पण काठापासून मागे, उंचावर असलेल्या घराचा पाण्यात फक्त वरचा मजला आणि छप्परच दिसत होते, कारण त्याचा खालचा भाग पायऱ्यांच्या प्रतिबिंबाने झाकला होता. मी पाण्यात अख्खे घर काढले होते. पाणी आपल्या डोळ्याने पाहत नाही, ते पाण्याच्या पातळीवरून पाहते, एवढे लक्षात ठेवले की मागे सरकलेली वस्तू प्रतिबिंबात किती बुडेल याचा अंदाज येऊ लागतो.

रंगांचीही अशीच गोष्ट आहे. पायरीच्या टोकाशी एक बगळा रोज येऊन उभा राही. तो पांढरा शुभ्र दिसे, पण पाण्यातला बगळा राखाडी दिसे. शेजारच्या ओल्या काळ्या दगडाचे प्रतिबिंब मात्र दगडापेक्षा किंचित उजळ दिसे. पाण्यात उजळ गोष्ट थोडी मंदावते आणि गडद गोष्ट थोडी फिकी पडते. म्हणून मी वरच्या बगळ्यासाठी कागद कोरा सोडला आणि खालच्या बगळ्यावरून राखाडीचा एक पातळ हात सरसकट नेला. त्या एका हातामुळे वरचा बगळा उन्हात आला. पांढरा रंग मी त्या दिवसापासून पेटीत ठेवतच नाही. जलरंगात उजेड कागदाचाच असतो आणि तो आधी ठरवून राखावा लागतो. एकदा झाकला गेला की वरून पांढरा लावून तो परत येत नाही, त्या जागी खडूसारखी मंद झाक तेवढी उरते.

डिसेंबर आणि जानेवारी हे आमच्या भागात जलरंगाचे खरे महिने आहेत, असे माझे ठाम मत झाले आहे. मे महिन्यात सकाळी दहा वाजता मी दिलेला वॉश दीड-दोन मिनिटांत वाळतो आणि ब्रश परत येईपर्यंत मधेच कडक कड पडलेली असते. थंडीत तोच वॉश दहा-बारा मिनिटे ओला राहतो, आणि पाण्याचे चित्र नेमके याच ओल्या वेळात घडते. धुके वर उचलले जात असताना दूरचा काठ ओल्यावर ओले सोडून पुसट करता येतो, मग कागदाची चकाकी जाऊन तो जेमतेम दमट उरला की जवळची मऊ लाट काढता येते, आणि पूर्ण वाळल्यावर अगदी शेवटी धारदार कड. या तीन वेळा ओळखणे हे माझ्यासाठी रंग ओळखण्याइतकेच कठीण होते. आता मी कागदाला तिरक्या नजरेने, उजेडाच्या दिशेने पाहते. चकाकी असेल तर थांबते. नुकती गेली असेल तर हात चालवते. या दमट वेळी जर ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल, तर ते आत घुसून फुलकोबीच्या गड्ड्यासारखा डाग उमटवते. माझे दोन चांगले नाथसागर या डागांनी गेले.

डाव्या काठावरून दक्षिणेकडे तोंड करून बसले की हिवाळ्यात सूर्य समोरून थोडा डावीकडे, खाली असतो आणि पाण्यावर चकाकीचा रस्ता तयार होतो. तो कसा करायचा, यावर मी पूर्ण जानेवारी घालवला. मेणबत्ती घासून पाहिली. मेण लागलेल्या जागी रंग धरत नाही आणि खुणा मिळतात, पण त्या कुठे मिळतील यावर फारसा ताबा राहत नाही. मास्किंग फ्लुइडने, म्हणजे कागद झाकून कोरा राखणाऱ्या आणि नंतर सोलून काढता येणाऱ्या द्रवाने, ठिपके मिळाले, पण ते सगळे सारखे, गोलसर आणि चिकटवल्यासारखे दिसले. शेवटी कोरड्या ब्रशचा हात मला जमला. बारा नंबरचा राऊंड ब्रश रंगात बुडवायचा, फडक्यावर टिपायचा, जवळजवळ आडवा धरायचा आणि खरबरीत कागदावरून त्याच्या पोटाने एका झटक्यात आडवा ओढायचा. कागदाच्या उंचवट्यांना रंग लागतो, खळगे कोरे राहतात आणि त्या कोऱ्या खळग्यांतून पाणी चमकू लागते. हात हळू गेला तर खळगेही भरतात. ब्रश जास्त ओला असेल तर पट्टा एकजीव होतो. मी कापलेल्या पट्ट्यांवर चाळीसेक वेळा हा एकच हात केला, तेव्हा कुठे चित्रात तो करण्याचे धाडस झाले. दूरवर हे हात अगदी बारीक आणि दाट घ्यावे लागतात, जवळ येताना लांब आणि विरळ. आणि पलीकडच्या काठाची रेघ पट्टीने आखल्यासारखी आडवीच हवी. ती दोन मिलिमीटर जरी कलली तरी सगळे पाणी एका बाजूला सांडल्यासारखे दिसते.

वाऱ्याची झुळूक आली की पाण्यावर वेगळ्या रंगाचा पट्टा का उमटतो, हेही मला त्याच महिन्यात कळले. स्थिर पाणी क्षितिजाजवळचे उजळ आभाळ दाखवत असते; लहान लाटा उठल्या की त्यांची आपल्याकडे झुकलेली बाजू डोक्यावरचे, जास्त गडद निळे आभाळ दाखवते. म्हणून लांबून सरकणारी झुळूक निळसर पट्ट्यासारखी दिसते. या पाण्यात मला निळा रंग अखेर सापडला तो तिथे, आणि तो तेवढाच होता.

फेब्रुवारीत काळा खडक वर आला. मार्चमध्ये तो पाण्याच्या कडेपासून सुटला आणि एप्रिलमध्ये पाणी इतके मागे गेले की खडकावर बसून मला ते रेघेसारखे दिसू लागले. मधल्या उघड्या पडलेल्या जमिनीवर लोकांनी गाळपेर, म्हणजे ओसरलेल्या पाण्यामागच्या गाळात पेरणी, केली होती. त्यांची हिरवी चौकटे, त्यांच्या पलीकडे वाळत चाललेला पांढुरका चिखल, त्याच्याही पलीकडे ओल्या मातीचा काळा पट्टा आणि मग पाणी. मला आधी वाईट वाटले की आता पाण्याचे चित्र उरले नाही. पुष्कळ दिवस मी गेलेच नाही. मग एका सकाळी सहाला पोहोचले आणि पाहिले तर तो अरुंद पट्टा अख्ख्या दृश्यातला सर्वांत उजळ भाग होता. ओल्या मातीचा काळेपणा त्याच्या अगदी खाली असल्यामुळे तो अधिकच उजळ दिसत होता. पाण्याची कड रंगवताना ही ओली किनार विसरून चालत नाही. कोरडी माती थेट पाण्याला भिडवली तर पाणी जमिनीवर ठेवलेल्या पत्र्यासारखे दिसते.

त्या उजळ पट्ट्याचे चित्र मी मे महिन्यात काढले आणि त्यासाठी आदल्या रात्री तयारी केली. जारच्या पाण्यात ग्लिसरीनचे चार थेंब टाकले, कारण त्याने वॉश थोडा जास्त वेळ ओला राहतो. कागद ताणलेला होता. जागेवर पोहोचताच मी सूर्य वर येण्याआधी आभाळ आणि जमीन यांचे दोन मोठे वॉश उरकले. दोन्हींच्या मध्ये दोन बोटे रुंदीची पट्टी कोरी सोडली. जमिनीसाठी रॉ सिएना, त्यात बर्न्ट सिएना. भेगा पडलेल्या काळ्या मातीसाठी अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना यांचा राखाडी, जो विकतच्या काळ्यापेक्षा नेहमी जिवंत दिसतो. ओल्या किनारीसाठी तोच राखाडी घट्ट करून घेतला आणि एका हातात, न थांबता, डावीकडून उजवीकडे नेला. मग पाण्याची पाळी आली. ब्रश हातात धरून मी किती वेळ बसले ते आठवत नाही. आभाळ खालच्या बाजूला फिकट पिवळे होते, म्हणून त्या पट्टीवरून जवळजवळ पाणीच असलेला रॉ सिएना फिरवला, उजव्या टोकाला झुळुकेचा एक निळसर कोरडा हात घेतला, आणि ब्रश धुऊन ठेवला. साडेसात वाजले होते. कागद हाताला गरम लागत होता आणि पूर्ण वाळला होता.

काका त्या दिवशी थर्माकोलचा तराफा डोक्यावर घेऊन चिखलातून पाण्याकडे निघाले होते. त्यांनी चित्रापाशी थांबून, पाण्याच्या पट्टीकडे बोट करून विचारले, “इथं अजून रंग द्यायचा राहिला ना, ताई?”

“नाही काका, ते पाणीच आहे.”

ते थोडे वाकले, पुन्हा पाहिले, मग मान वर करून समोर पाहिले. “पाणी लई मागं गेलंय यंदा,” एवढे म्हणून ते पुढे चालू लागले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकचे पाणी आले. मी गेले तेव्हा गाळपेराच्या चौकटींचे बांध अर्धे बुडाले होते आणि पाण्याची तपकिरी जीभ खडकाच्या एका बाजूने आत शिरत होती. तिच्या पुढच्या कडेवर काडीकचरा आणि फेसाची बारीक नक्षी होती. तासाभरात खडक चारही बाजूंनी वेढला गेला. मी सामान उचलून वर सरकले आणि नव्या कागदावर रॉ सिएनाचा पहिला हात दिला.